अमरावतीचा परकोट आणि न दिसणारी वेस

जुन्या अमरावतीचा इतिहास म्हणजे परकोटाचा इतिहास, असेच बहुधा सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, वऱ्हाड निजामाच्या राज्यात असताना, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून हा दगडी कोट उभारला गेला. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. राखायचे होते ते व्यापाराचे धन, आणि येथला मोठा व्यापार कापसाचा. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला धाडला, असे जुने गॅझेटियर सांगते. तो कापूस वेचणाऱ्या, लादणाऱ्या हातांविषयी गॅझेटियर बोलत नाही.

भिंत माणसाला राखते तशी कोंडतेही. इटलीतील व्हेनिस शहरात १५१६ साली ज्यूंना एका वेगळ्या वस्तीत राहण्याची सक्ती झाली. रात्री तिचे दरवाजे बंद होत, आणि पहाऱ्याचा खर्चही ज्यूंनाच सोसावा लागे. त्या वस्तीचे नाव ‘घेट्टो’. हाच शब्द पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या स्थितीसाठी योजिला. व्हेनिसचे ते दरवाजे १७९७ मध्ये, फ्रेंच फौजा आल्यावर, तोडले गेले. आमच्याकडे महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर ठेवायला असा कोट बांधावाच लागला नाही. रूढी पुरेशी होती. मग तोडायचे काय?

अमरावतीचेच पाहा. परकोटाच्या अंबा दरवाजाला जिचे नाव आहे, त्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. पेंढाऱ्यांचे भय संपून शंभर वर्षे उलटली, तरी हा दरवाजा बंदच होता. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. मार्चमधला चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि डिसेंबरमधले मनुस्मृतिदहन यांच्यामधली ही परिषद. प्रश्न देवदर्शनापुरता नव्हता. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून आपला समान हक्क आहे, हे तेथे मांडायचे होते.

आज कोटाचे दरवाजे आणि भिंतीचे काही भाग उभे आहेत. त्यांचे जतन व्हावेच. पण विद्यार्थ्यांना ते दाखवायला नेणाऱ्या शिक्षकांनी अंबा दरवाजाशी थांबून १९२७ ची ही परिषदही सांगावी. एरवी मुले घरी जातील ती व्यापाऱ्यांचाच इतिहास घेऊन.