उजेडातून अंधारात

बडोदे शहरातील तांबेकर वाडा हा संस्थानचे एकेकाळचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. मराठी वळणाच्या या लाकडी वाड्याच्या भिंती कृष्णलीला, महाभारत इत्यादी प्रसंगांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. परंतु वैशाखातील भर दुपारी रस्त्यावरून आत शिरणाऱ्यास प्रथम धड भिंतही दिसत नाही. काही वेळ स्वस्थ उभे राहिल्यास आधी आकृती, मग रंग व बारीक रेघा स्पष्ट होऊ लागतात. चित्रे होती तेथेच असतात. बदलतो तो पाहणाऱ्याचा डोळा.

डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. सुमारे २ मिलिमीटरची बाहुली ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावते, म्हणजे सोळापट प्रकाश आत येतो. भर दुपार आणि अमावास्येची रात्र यांतील अंतर मात्र कोट्यवधी पटींचे आहे. उरलेले काम डोळ्याच्या आतील दृष्टिपटलास करावे लागते. तेथे सुमारे ६० लाख शंकूपेशी व १२ कोटी दंडपेशी असतात. पहिल्या उजेडात रंग ओळखतात, दुसऱ्या मंद प्रकाशात उपयोगी पडतात. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे जांभळट-तांबडे द्रव्य प्रखर उजेडात विरते आणि अंधारात पुन्हा तयार होते. शंकूपेशी दहाएक मिनिटांत सावरतात, दंडपेशींना मात्र अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. रात्री पिकास पाणी देण्यासाठी लख्ख दिव्याखालून निघालेल्या शेतकऱ्याने बांधावर घाईने पाऊल टाकू नये, ते यासाठीच.

हे द्रव्य तयार होण्यास 'अ' जीवनसत्त्व लागते. जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाने ही प्रक्रिया उलगडून दाखविली व त्यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. सर्वच रातांधळेपणा या उणिवेचा नसतो, काही आनुवंशिकही असतो; तथापि लहान मुलांत ही शंका प्रथम घ्यावी. मोठा माणूस तक्रार करतो, मूल करीत नाही, कारण इतरांना दिसते तसे आपणास दिसत नाही, हे त्यास ठाऊकच नसते. दिवेलागणीस खेळ सोडून एका जागी बसणारे, उंबऱ्यास ठेचकाळणारे, ताट चाचपणारे मूल धांदरट ठरते आणि बोलणी खाते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसू लागल्यास दुखणे पुढे गेले असे समजावे. त्यानंतर बुबुळावर व्रण होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते.

शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिकलेला आंबा व पपई, तसेच दूध व अंडी यांतून हे जीवनसत्त्व मिळते. १९७० पासून देशात बालकांना त्याचा डोस देण्याचा कार्यक्रम राबविला जातो. पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी देतात. सायंकाळी चाचपडणारे मूल आढळल्यास शिक्षकांनी पालकांस कळवावे व पालकांनी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील डोसाची वाट पाहू नये.