तारेत अजून जागा आहे का?

आंबेगाव तालुक्यातील पारगाव हे घोड नदीच्या खोऱ्यातले उसाचे गाव. तेथील दत्तात्रयनगरात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे आणि उसाच्या चिपाडावर तेथे वीजही तयार होते. मग अशा गावातल्या दुकानदाराला विजेची काय चिंता, असे तुम्हांला वाटेल. पण धरण भरलेले असले, तरी घरात पाणी येते ते नळात मावेल तेवढेच! वीजही रोहित्र, सर्व्हिस केबल, फ्यूज आणि आतील तारा अशा साखळीतून दुकानात येते. या साखळीतील सर्वांत दुबळी कडी जेवढा प्रवाह पेलेल, तेवढाच आपल्या उपयोगाचा.

ही मर्यादा येते कोठून? तारेतून प्रवाह गेला की ती तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह 20 टक्क्यांनी वाढला, तर उष्णता 44 टक्क्यांनी वाढते. तारेवरील आवरण मऊ पडते, जोड जळतात आणि कधी आग लागते. म्हणून नवे यंत्र घेण्याआधी तारेत जागा शिल्लक आहे का, हे पाहायलाच हवे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पारगावात एक गिरणी आहे. तिच्यात 10 अश्वशक्तीची चक्की, 10 अश्वशक्तीचे मिरची कांडप यंत्र आणि शीतपेयांचे दोन फ्रीज आहेत. जोडणी तीन फेजची असून प्रत्येक फेजला 40 अँपिअरचा फ्यूज आहे. केबल तेवढा प्रवाह पेलणारी आहे. सुरक्षिततेसाठी पाचवा भाग मोकळा ठेवला, तर 32 अँपिअर वापरता येतील. मालकाला 3 अश्वशक्तीचा तेलघाणा बसवायचा आहे. तो प्रत्येक फेजमधून सुमारे 5 अँपिअर घेईल. चालेल का?

एक जण वीजबिल पाहतो. महिन्याला 900 युनिट, म्हणजे 720 तासांत सरासरी सव्वा किलोवॅट. प्रवाह जेमतेम 2 अँपिअर! त्याला वाटते, भरपूर जागा आहे. दुसरा यंत्रांवरील पाट्या वाचतो. दोन्ही मोटारींचे प्रत्येकी 14 आणि पहिल्या फेजवरील दोन फ्रीजचे 5, असे 33 अँपिअर झाले. तो म्हणतो, जागाच नाही. दोघांचेही चुकते. सरासरीत रात्रीचे बंद तास मिसळलेले असतात. पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह असतो. पण मोटार नेहमी पूर्ण भाराने चालत नाही.

खरे उत्तर सर्वांत गर्दीच्या वेळी मिळते. उन्हाळ्यात मसाल्यासाठी मिरची कांडायला रांग लागते, चक्कीही चालू असते आणि फ्रीजला विश्रांती नसते. त्या वेळी परवानाधारक तारतंत्र्याने चिमटा मीटर तारेभोवती धरून तिन्ही फेजचे प्रवाह मोजले. ते समजा 28, 24 आणि 23 अँपिअर भरले. पहिल्या फेजमध्ये घाण्याचे 5 मिळवले की 33 होतात. मर्यादा ओलांडली! पण अडीच अँपिअरचा एक फ्रीज तिसऱ्या फेजवर नेला, तर प्रवाह साडेपंचवीस, 24 आणि साडेपंचवीस असे होतात. घाणा धरून साडेतीस. आता जागा झाली, आणि तीही नवी केबल न टाकता.

आणखी एक गोष्ट. सुरू होताना मोटार काही क्षण पाच-सहापट प्रवाह ओढते. दिवे मंदावतात ते यामुळेच. म्हणून सर्व मोटारी एकदम सुरू करू नयेत. योग्य धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बसवल्यास शक्तिगुणक सुधारतो. तो 0.8 वरून 0.95 झाला, तर तेवढ्याच कामाला सुमारे 16 टक्के कमी प्रवाह लागतो.

गिरणीत जागा झाली, तरी रोहित्रावर ती हवी. 100 केव्हीए रोहित्राची क्षमता प्रत्येक फेजला सुमारे 133 अँपिअर असते. दुकानांची गर्दी वेगवेगळ्या वेळी होते, म्हणून एका रोहित्रावर अनेक दुकाने सुखाने नांदतात. शेतीपंपांचे तसे नाही. ठरावीक तासांची वीज आली की बहुतेक पंप एकदमच सुरू होतात. रोहित्र जळाले, तर गिरणी थांबते आणि ऊसही पाण्यावाचून राहतो. म्हणूनच नव्या यंत्रासाठी महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यायचा असतो. तो केवळ कागदी उपचार नव्हे. तुमच्या घाण्यासाठी शेजाऱ्याच्या वाट्याची जागा तर जात नाही ना, हे त्यातून तपासले जाते.

करून पाहा : सुट्टीच्या दिवशी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला घरच्या मीटरवरील आकडा लिहा. मीटरला हात लावू नका, फक्त वाचा. लागोपाठच्या दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्या तासातील सरासरी किलोवॅट. त्याचा आलेख काढा. सर्वांत उंच टोक कोणत्या तासाला येते? त्या वेळी घरात काय काय चालू होते आणि त्यांपैकी काय तासभर पुढे ढकलता आले असते, याची यादी करून वर्गात एकमेकांना दाखवा.