महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूंचे संस्थांतर : एक कारणविचार

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांत खेळणारे विद्यार्थी एक विद्यापीठ सोडून दुसऱ्या विद्यापीठात का जातात, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्रीडाक्षेत्राचा, किंवा फार तर समाजशास्त्राचा वाटेल. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे याला कारण झाले ते एक क्रियापद. इंग्रजीतील ‘ट्रान्स्फर’ हे क्रियापद सकर्मक आहे, तसेच अकर्मकही आहे. कचेरी कारकुनाला दुसऱ्या गावी धाडते तेव्हा ते वापरतात आणि विद्यार्थी आपण होऊन दुसऱ्या विद्यापीठात नाव घालतो तेव्हाही तेच वापरतात. खेळाडूंविषयीच्या बातम्यांत बहुधा त्याचा अकर्मक प्रयोग आढळतो. त्यामुळे खेळाडू वाक्यात कर्त्याच्या आसनावर बसतो. तो स्वेच्छेने गेला की त्याला घालवले, हे वाक्यावरून कळत नाही.

मराठीत आपल्याला अशी पळवाट नाही. ‘बदली’ म्हणावे तर ती वरिष्ठ करतात आणि माणसाची ती होते. ‘पक्षांतर’ माणूस स्वतः करतो, पण त्या शब्दाला निंदेचा वास आहे. ‘स्थलांतर’ म्हटले की मागे दुष्काळ किंवा रोजगाराची वाण उभी राहते. प्रस्तुत लेखात ‘भाषांतर’, ‘रूपांतर’ यांच्या धर्तीवर ‘संस्थांतर’ हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द योजला आहे. तथापि वरील तिन्ही शब्दांच्या छटा प्रत्यक्ष व्यवहारात कोठे ना कोठे सापडतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम या व्यवस्थेचे गणित पाहणे अवश्य आहे, कारण माझ्या मते बहुतेक संस्थांतरांचे मूळ तेथेच आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या प्रमुख संघटनेला ‘एनसीएए’ या आद्याक्षरांनी ओळखतात. तिच्या प्रथम विभागात पुरुषांच्या बास्केटबॉलचे संघ असलेल्या साडेतीनशेहून अधिक संस्था आहेत. सामना चाळीस मिनिटांचा असतो व मैदानावर एका वेळी एका संघाचे पाच खेळाडू असतात. म्हणजे एका सामन्यात वाटून द्यावयास प्रशिक्षकाजवळ अवघी दोनशे मिनिटे असतात. 2025 पर्यंत एका संघाला तेरा शिष्यवृत्त्या देता येत असत. तेरा जणांत ही मिनिटे सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा मिनिटेही येत नाहीत. पण ती सारखी कोणी वाटत नाही. जिंकावयाचे असेल तर सात-आठ, फार तर नऊ जणांनाच खेळवावे लागते आणि उरलेले बाकावर बसून राहतात. हे बसलेले खेळाडू मुळात सामान्य नसतात. आपापल्या शाळेत व गावात ते सर्वांत श्रेष्ठ म्हणून गणले गेलेले असतात.

या गणितात काळाची भर घातली म्हणजे बाकावरील मुलाची घालमेल लक्षात येते. पाच वर्षांच्या अवधीत स्पर्धेचे चार हंगाम, असा या विभागाचा दीर्घकाळचा नियम राहिला आहे. विद्यापीठातील सामान्य विद्यार्थ्याचे एखादे वर्ष वाया गेले तर पदवी लांबते, इतकेच. खेळाडूचे गेलेले वर्ष त्याच्या एकंदर पुंजीतून वजा होते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपल्या जागेवर प्रशिक्षकाने आणखी एक उंचापुरा नवागत आणला आहे असे ज्याला दिसते, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : वाट पाहणे किंवा निघणे. त्याच्या निघण्याला चंचलपणा म्हणणारे लोक हे वजाबाकीचे गणित विसरतात.

तथापि सर्वच संस्थांतरांचा उलगडा या मिनिटांवरून होत नाही. 1974 साली लॅरी बर्ड हा मुलगा इंडियाना विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ब्लूमिंग्टनला आला. तेथे बॉब नाइट यांच्यासारखा नामांकित प्रशिक्षक होता, संघ बलाढ्य होता. बर्ड मात्र फ्रेंच लिक नावाच्या दोनेक हजार वस्तीच्या गावातून आलेला आणि विद्यार्थ्यांची संख्या तीस हजारांच्या घरातली. महिनाही पुरा न होता तो घरी परतला, आणि गावच्या पालिकेच्या कामावर लागला. पुढच्या वर्षी त्याने टेरे होट येथील इंडियाना स्टेट या लहान विद्यापीठात नाव घातले. तेथे नियमानुसार एक वर्ष बसून काढले आणि 1979 साली त्याच संघाला एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्या सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेट संघाने त्यांना हरवले. बर्डला बाकाचे भय नव्हते. त्याला ती जागाच मानवली नाही. घराची ओढ, वातावरणाचा परकेपणा आणि प्रशिक्षकाशी न जुळणे, ही कारणे आकड्यांत मांडता येत नाहीत म्हणून चर्चेत मागे पडतात. पण अठराएकोणीस वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ती खोटी मानण्याचे कारण नाही.

येथवर खेळाडू हाच कर्ता होता. आता दुसरी बाजू. 1973 साली एनसीएएने चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरण करावयाची एक वर्षाची शिष्यवृत्ती आणली. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास पुन्हा मुभा मिळाली ती 2012 पासून. मधल्या जवळजवळ चार दशकांत शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचा निर्णय व्यवहारतः प्रशिक्षकाच्या हाती होता. नवा, अधिक गुणी मुलगा मिळत असेल तर जागा मोकळी करणे आले. प्रशिक्षक जुन्या मुलाला बोलावून ‘पुढच्या वर्षी तुला येथे फारसे खेळावयास मिळेल असे वाटत नाही’ असे सौम्यपणे सांगतो. मुलगा दुसरी संस्था शोधतो आणि वर्तमानपत्रात अकर्मक क्रियापदाचा प्रयोग होतो. अर्थदृष्ट्या ही शुद्ध बदली होय. व्याकरण मात्र ती मुलाच्या नावावर जमा करते. संस्थांतराच्या कारणांची जी जी कोष्टके मांडली जातील, त्यांत ‘खेळावयास कमी मिळणे’ या सदराखाली अशा किती हकालपट्ट्या दडलेल्या असतील हे कोष्टकावरून ओळखता येणार नाही.

संस्थांतर करणाऱ्याने नव्या ठिकाणी एक वर्ष न खेळता काढावे, या नियमाचा वर उल्लेख आला. त्याचे समर्थन असे करीत की, मुलगा प्रथम विद्यार्थी व मग खेळाडू आहे, म्हणून नव्या संस्थेत अभ्यासाची घडी बसण्यास त्याला अवकाश मिळावा. हा युक्तिवाद ऐकावयास चांगला आहे. परंतु 2021 पूर्वीच्या काही वर्षांत हा नियम प्रथम विभागातील पाचच खेळांना सरसकट लागू होता : फुटबॉल, पुरुषांचे व स्त्रियांचे बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. पोहणाऱ्या किंवा टेनिस खेळणाऱ्या मुलाला सामान्यतः एकदा तरी हे वर्ष माफ होत असे. अभ्यासाची घडी बसण्यास जलतरणपटूला कमी वेळ पुरतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. मोठा पैसा मुख्यतः पहिल्या दोन खेळांत होता, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

‘विद्यार्थी-क्रीडापटू’ या जोडशब्दाची कुळकथाही याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा फुटबॉलपटू रे डेनिसन 1955 साली सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. 1957 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडूंना संस्थेचे नोकर ठरवले जाण्याच्या त्या काळच्या भीतीतूनच हा शब्द घडवून सर्वत्र रूढ केला गेला, असे एनसीएएचे अनेक दशके सूत्रचालक असलेले वॉल्टर बायर्स यांनी आपल्या 1995 सालच्या पुस्तकात नमूद केले आहे. शब्द आधी आणि वस्तुस्थिती मागून, असा हा प्रकार. ज्या शब्दाने त्याला नोकराचे हक्क नाकारले, त्याच शब्दाच्या आधारे इतर विद्यार्थ्यांना असलेले जाण्याचे स्वातंत्र्यही त्याच्यापुरते आखडून ठेवले. कारण सामान्य विद्यार्थ्याने विद्यापीठ बदलले तर त्याला वर्षभर वाद्यवृंदात वाजवू नकोस असे कोणी सांगत नाही.

प्रशिक्षकांवर अर्थातच असे बंधन कधी नव्हते, आणि त्यांचे जाणे हे खेळाडूंच्या जाण्याचे एक प्रमुख कारण आहे. जर्सी सिटीतील सेंट पीटर्स या लहान विद्यापीठाच्या संघाने मार्च 2022 मध्ये सर्वांना थक्क केले. मानांकनात आपल्या गटात पंधराव्या असलेल्या या संघाने केंटकी, मरी स्टेट व पर्ड्यू यांना हरवून शेवटच्या आठांत प्रवेश केला. त्या मानांकनाच्या संघाने तेथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर प्रशिक्षक शहीन हॉलोवे सीटन हॉल या आपल्या जुन्या विद्यापीठात गेले. पाठोपाठ केसी एन्डेफो त्यांच्याकडेच गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, डग एडर्ट ब्रायंटला, मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला. काही आठवड्यांत संघ विखुरला. यांत बाकावर बसलेला कोणी नव्हता. हेच तर खेळणारे होते. सतरा-अठराव्या वर्षी मुलगा कागदावर विद्यापीठाची निवड करतो, मनाने मात्र तो एका माणसाची निवड करतो, आणि तो माणूस गेला की विद्यापीठ हे केवळ इमारतींचे नाव उरते. 2024 साली जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सासला गेले तेव्हा केंटकीसारख्या वैभवशाली संस्थेतही नव्या प्रशिक्षकाला आधीचा एकही शिष्यवृत्तीधारक खेळाडू लाभला नाही.

सेंट पीटर्सची इतकी जलद पांगापांग दहा वर्षांपूर्वी झाली नसती, कारण मधल्या काळात निघण्याची किंमत उतरली होती. ऑक्टोबर 2018 मध्ये एनसीएएने संस्थांतराची सामाईक नोंदवही सुरू केली. तत्पूर्वी अन्य प्रशिक्षकांशी बोलण्यासही आपल्या संस्थेची अनुमती लागे व ती नाकारता येई. आता केवळ कळवणे पुरेसे झाले. एप्रिल 2021 मध्ये एकवार संस्थांतर करणाऱ्याला न बसता खेळण्याची मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसा मिळवण्याची मुभाही मिळाली. दुसऱ्यांदा जाणाऱ्यावरील बंधन रेक्वॉन बॅटल या खेळाडूच्या निमित्ताने गाजले. वॉशिंग्टन व मोंटाना स्टेट करून तो वेस्ट व्हर्जिनियास आला होता. त्याला सवलत नाकारली गेली. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले, 13 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने त्या नियमाला तात्पुरती मनाई केली आणि 2024 मध्ये नियमच गेला. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. अलीकडे दर वसंतात हजाराहून अधिक पुरुष बास्केटबॉलपटू या नोंदवहीत नाव घालतात.

पैशामुळे हे सर्व घडले, असे आता सर्रास म्हटले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. पैशाने दिशा बदलली, हे खरे. पूर्वी न खेळणारा मुलगा मोठ्या संस्थेतून लहान संस्थेत उतरे. आता लहान संस्थेत चमकलेला मुलगा वर चढतो. 2025 साली फ्लोरिडा विद्यापीठाने ह्यूस्टनला 65–63 असे हरवून विजेतेपद मिळवले, त्यांत अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला वॉल्टर क्लेटन आयोना या लहान संस्थेतून आलेला होता, विल रिचर्ड बेलमाँटमधून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. पण आयोना व फ्लोरिडा अटलांटिक या दोन्ही संस्थांचे प्रशिक्षक त्या त्या वर्षी दुसरीकडे गेले होते, हेही विसरता कामा नये. निघण्याची इच्छा जुनीच आहे. दंड उठला, मोबदला आला, आणि जी इच्छा पूर्वी मनातच जिरत होती ती दृश्य झाली.

नव्या स्वातंत्र्याची एक बाजू मात्र विद्यापीठीय वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. नोंदवहीत नाव घातले की जुन्या संस्थेला पुढील सत्रापासून शिष्यवृत्ती थांबवता येते आणि नवी जागा मिळेलच अशी हमी कोणी देत नाही. ज्याला मिळते त्याच्यापुढे श्रेयांकांचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा चाळीस टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर साठ टक्के व चौथ्या वर्षाअखेर ऐंशी टक्के भाग पुरा झालेला असावा, असा प्रथम विभागाचा दंडक आहे. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरे विद्यापीठ जसेच्या तसे मोजील असे नाही. आणि ज्या विषयात ते अधिक मोजले जातात तो विषय घेणे ओघानेच येते. चार वर्षांत तीन संस्था फिरलेल्या मुलाने कोणता विषय का निवडला, याचे उत्तर त्याच्या आवडीत शोधणे कित्येकदा व्यर्थ ठरेल. एनसीएएच्या जुन्या युक्तिवादात अभ्यासाविषयीची जी चिंता व्यक्त होत असे, ती येथे खरी आहे. फरक इतकाच की, मुलाला वर्षभर बाकावर बसवून ती दूर होत नव्हती.

डाल्टन नेक्ट याचा प्रवास असाच तीन संस्थांचा आहे. कोलोरॅडोतील एका कनिष्ठ महाविद्यालयात त्याने आरंभ केला, तेथून नॉर्दर्न कोलोरॅडोत गेला आणि अखेरच्या वर्षासाठी टेनेसी विद्यापीठात आला. 21 मार्च 2024 रोजी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत टेनेसीची गाठ सेंट पीटर्सशी पडली. हॉलोवे यांच्यानंतर आलेल्या प्रशिक्षकाने बहुतांशी नव्या मुलांचा संघ बांधून पुन्हा तेथवर आणला होता, आणि मानांकन पुन्हा पंधरावेच होते. टेनेसीने तो सामना 83–49 असा जिंकला. जूनमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत नेक्ट सतरावा निवडला गेला.