सातपुड्याच्या पायथ्याशी बोंबील

पांढुर्ण्यापासून मुंबईचा समुद्र 800 किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिला नाही, पण बोंबील, सुकट आणि झिंगे मात्र त्यांनी लहानपणापासून खाल्ले. आठवडी बाजारात भाजीची दुकानं, मिरचीचे ढीग आणि बांगड्यांचे ठेले ओलांडून अगदी कडेला गेलं की पोत्यावर मांडलेले हे ढीग अजून दिसतात. दुकान शोधावं लागत नाही, नाकच तिथं घेऊन जातं.

शाळेत शिकलेल्या भूगोलाप्रमाणे हे कोकणातलं खाणं. मग ते सौंसर-पांढुर्ण्यात कसं आलं? उत्तर साधं आहे. ताजा मासा बर्फाशिवाय एक दिवस टिकत नाही, वाळलेला महिनोन्‌महिने टिकतो. वर्सोवा, वसई, सातपाटी या किनाऱ्यांवर बांबूच्या मांडवांना दोऱ्या बांधून बोंबील वाळवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे लोंबतो आणि एक तिकडे. ताज्या बोंबलात जवळजवळ 90 टक्के पाणीच असतं. ऊन आणि वारा ते पाणी काढून घेतात, आणि उरतो तो हलका, काडीसारखा, मोडला तर कटकन आवाज करणारा बोंबील. असा माल पोत्यात भरून कुठंही पाठवता येतो. मुंबईची रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली आणि समुद्राचा माल विदर्भाच्या दारात आला. नागपूरच्या बाजारातून तो पुढे आपल्याकडे यायला कितीसा वेळ!

शिवाय आपला भाग तेव्हा नागपूरचाच होता. मध्य प्रांताची राजधानी नागपूर, आपली खरेदी नागपूरला, सोयरीक नागपूर-वर्धा-अमरावतीकडे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. नकाशावर रेषा इकडच्या तिकडे झाल्या, स्वयंपाकघरात काही बदललं नाही. कोथिंबिरीला आपण आजही सांबार म्हणतो आणि सुकटीच्या भाजीवर तोच सांबार चिरून घालतो. भोपाळ-इंदूरकडच्या मंडळींना हे सांगितलं की ती आधी सांबारावर अडतात आणि मग सुकटीवर.

सगळ्या वाळलेल्या मासळीत मीठ असतं असा एक समज आहे, तो खरा नाही. बोंबील, सुकट, झिंगे हे बहुतेक वेळा नुसत्या उन्हात वाळवलेले असतात. बांगडा, सुरमई, मुशी यांना मात्र मीठ लावून वाळवतात, त्यांना कोकणात खारा मासा म्हणतात. आपल्याकडे मुख्यतः बिनमिठाचाच माल येतो. सगळाच माल समुद्राचाही नसतो. भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या भागात गोड्या पाण्यातले झिंगे वाळवतात, आणि नदीकाठचे ढिवर, भोई लोक पावसाळ्यानंतर सापडणारी बारीक मासोळी उन्हात टाकतात.

हे खाणं कोणाचं, हा खरा प्रश्न आहे. ते मजुराचं खाणं. कापूस वेचायला, संत्र्याच्या बागेत तोडणीला, भुईमूग उपटायला जाणाऱ्या माणसाचं. मूठभर सुकटीत पाच माणसांची भाजी होते, कारण इथं मासा पोट भरायला नसतो, चव द्यायला असतो. वांगी अर्धा किलो, बोंबील सात-आठ. पण वांग्याची प्रत्येक फोड बोंबलाची झालेली असते. मटण सणाला, कोंबडी पाहुण्याला, आणि बुधवारी संध्याकाळी घरात काहीच नसलं तर फळीवरच्या डब्यातली सुकट. ज्या घरात दूध पुरत नव्हतं आणि डाळ पातळ होत होती, त्या घरात मुलांच्या पोटात प्रथिनं गेली ती या डब्यातून. 100 ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे 60 ग्रॅम प्रथिनं असतात. आज जिमला जाणारी पोरं ज्या पावडरीसाठी हजारो रुपये देतात, तिची ही गरीब आजी म्हणायला हरकत नाही.

आणि म्हणूनच ते लपवलं गेलं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत सुकट शिजायची ती मागच्या अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. देवघर असलेल्या स्वयंपाकघरात ते भांडं यायचं नाही. घरातले पुरुष चवीनं खायचे, पण पाहुणा आला की भांडं झाकलं जायचं. काही वस्त्यांमध्ये मात्र ती उघडपणे, रोजच्या चुलीवर शिजायची, आणि त्या वासावरून गावातले लोक वस्ती ओळखायचे. हे गोड शब्दांत सांगण्यासारखं नाही. सुक्या मासळीच्या वासाला आपल्या समाजानं जात चिकटवली होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं नावानिशी, कृतीनिशी लिहून ठेवलं. 2024 मध्ये ते इंग्रजीतही आलं. आपल्या पट्ट्यातल्या चुलींबद्दल असं कोणी लिहावं, असं मला फार वाटतं. सांगणाऱ्या आज्या अजून आहेत.

आता चूल गेली, अंगण गेलं. तुम्ही पोरं पुण्यात, बेंगळुरूत, इंदुरात, नागपूरच्या दहाव्या मजल्यावर राहता. तिथं प्रश्न नवा आणि तरी जुनाच. भाड्याचं घर शोधताना पहिला प्रश्न येतो, नॉनव्हेज खाता का? अंडी चालतील, चिकन बाहेरून आणलं तर चालेल, इथपर्यंत तडजोड होते. सुकट भाजली की मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, कुठं काही मेलंय का म्हणून. ओळखीतल्या एका मुलीनं असा मेसेज वाचून गॅस बंद केला आणि अर्धी भाजलेली सुकट कचऱ्यात टाकली. त्यानंतर तिनं ती पुन्हा घरात आणली नाही. आई विचारते, डब्यात भरून देऊ का गं? ती म्हणते, नको, वास येतो. हे वाक्य ती तिच्या नाकानं बोलत नाही, शेजाऱ्याच्या नाकानं बोलते.

गंमत अशी की त्याच मजल्यांवर ओव्हनमधल्या चीजचा वास चालतो. चीजही चांगलंच, माझी तक्रार नाही. पण कोणता वास उंची आणि कोणता हलका, हे नाक ठरवत नाही.

फिलिपिन्समध्ये याच पदार्थाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिथं बारीक मासे मिठात मुरवून उन्हात वाळवतात. त्यांना म्हणतात तूयो, म्हणजेच सुकं. सकाळी आदल्या रात्रीचा भात लसणावर परतायचा, तूयो तेलात कुरकुरीत तळायचा, शेजारी व्हिनेगरची वाटी आणि टोमॅटो. ही त्यांची न्याहारी. कोकोच्या गोड तांदळाच्या खिरीबरोबरही ते तूयो खातात. ऐकून आपण तोंड वाकडं करतो, पण भाकरीबरोबर गूळ आणि ठेचा एकाच ताटात घेणाऱ्यांनी फार बोलू नये. तूयोही गरिबाचंच खाणं होतं. वासाची कुरकुर तिथंही होतेच. तरी आज तोच तूयो काटे काढून, तेलात मुरवून, काचेच्या बाटलीत भरून भेट म्हणून दिला जातो. सेबूला जाणारा माणूस परतताना तिथल्या दांगित माशाची सुकी पाकिटं घरच्यांसाठी घेतो, जशी आपण नागपूरहून संत्र्याची बर्फी आणतो. आपल्या देशातही बंगाल-आसामची शुटकी आहे, तामिळनाडूचं करुवाडू आहे. होस्टेलवर या भागातली मुलं भेटली तर विषय काढून पाहा, मैत्री लगेच होते.

फिलिपिनो घरातली ती व्हिनेगरची वाटी नुसती चवीसाठी नसते. मासळीचा तो ठसठशीत वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाईन नावाच्या द्रव्याचा असतो. आंबट पदार्थ त्याला धरून ठेवतो, हवेत उडू देत नाही. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण सुकटीत चिंच, कच्चा आंबा किंवा आमसूल घालायचं हे पक्कं माहीत होतं. फ्लॅटमधल्या स्वयंपाकाची किल्ली इथंच आहे. वास सर्वांत जास्त पसरतो तो कोरड्या तव्यावर भाजताना. अंगणात ते ठीक होतं. बंद घरात क्रम उलटा करा, आधी धुवा आणि मग शिजवा.

सुकट चाळणीत घ्या, हलवून वाळू आणि भुगा खाली पाडा. मिशा, काटेरी डोकी हातानं निवडा. कोमट पाण्यात चिंचेचा थोडा कोळ किंवा चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा, दोनदा धुवा, घट्ट पिळा. बोंबील असतील तर डोकं, शेपूट आणि कडेचे पर कात्रीनं कापून बोटभर तुकडे करा, त्यांना गरम पाण्यात दहा मिनिटं द्या. मीठ लावलेला मासा असेल तर अर्धा तास, मध्ये पाणी बदलून. कढईत तेल जरा सढळ हातानं. पूर्वी जवसाचं असायचं, मिळालं तर तेच घ्या. भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, मग पिळलेली सुकट, आणि ती तेलात परतली की लगेच झाकण. तिखट, हळद, चिरलेली वांगी, आणि वांगी मऊ झाली की चिंच. रस्सा दाट हवा असेल तर चमचाभर ज्वारीचं पीठ भाजून लावायचं, हे आपल्याकडचं खास. मीठ अगदी शेवटी आणि चाखूनच. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी खारे मासे टाळलेले बरे. बिनमिठाची सुकट त्यांनाही थोडी चालण्यासारखी असते, पण डॉक्टरांना विचारून. भाजी होईपर्यंत खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, आणि शेजारच्या शेगडीवर लिंबाची सालं घालून पाणी उकळत ठेवा. वास उरतो, पण ग्रुपवर मेसेज येण्याइतका नाही.

घेताना डोळे उघडे ठेवा. बोंबील फिकट सोनेरी असावा, काळपट नको. वाकला म्हणजे ओल आहे, मोडला म्हणजे बरा. समुद्राचा वास ठीक, पण नाकात झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर विकणाऱ्या काकू कितीही ओळखीच्या असल्या तरी पुढे चला. बारीक भोकं आणि खाली पांढरी पूड दिसली तर किडा लागलेला आहे. घरी आणल्यावर एक दिवस कडक ऊन द्या आणि हवाबंद बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या सुकटीला बुरशी लागते. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि तिकडची मंडळी त्या दिवसांसाठी सुकी मासळी भरून ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यातच खरेदी उरकण्याची जुनी रीत आहे. मग श्रावणात डबा बंद, आणि पोळा झाला की पुन्हा उघडतो.

आता ताजा मासा बर्फाच्या पेटीतून पांढुर्ण्यालाही येतो. म्हणजे सुकट आता गरज राहिलेली नाही, आवड राहिली आहे. तिचा भावही पूर्वीसारखा मजुराचा राहिला नाही. बाजारात घेणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढच्या बायाच जास्त दिसतात. त्यांच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या नाती मोबाईलमध्ये पाहत असतात. त्यातल्या एखादीनं तरी मान वर करून विचारावं, आजी, यातली चांगली कशी ओळखायची? हाताला लागणारी ही माहिती कोणत्याही व्हिडिओत नसते.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी भाजीऐवजी चटणीपासून सुरुवात करावी. सुट्टीत घरी आलात की आईच्या अंगणात, हवेशीर जागी, निवडलेली सुकट मंद आचेवर कुरकुरीत भाजा. त्यात भाजलेलं सुकं खोबरं, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, लाल मिरची आणि थोडं मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा, पीठ होऊ देऊ नका. पूर्ण गार झाली की कोरड्या बाटलीत भरा. फ्रीजमध्ये पंधरा दिवस सहज जाते. गरम भाकरीवर, वर कच्चं तेल, बाजूला कांदा. परतीच्या प्रवासात मात्र बाटलीचं झाकण घट्ट लावून, दोन पिशव्या बांधून ती बॅगेच्या तळाशी ठेवा. रेल्वेच्या एसी डब्यात ती उघडायचा मोह आवरा.