गंगाची बोली, देवळालीची बाग

१९६१ साली ‘गंगा जमना’ लागला, तेव्हा प्रेक्षकांना पहिला चकवा मिळाला तो कानांना. ‘अंदाज’मधला सुटाबुटातला, ‘मुग़ल-ए-आझम’मधला शाही दिलीपकुमार त्यांना ठाऊक होता. इथं तोच माणूस गुडघ्यापर्यंत धोतर नेसून अवधीकडे झुकलेली पूरबी बोलत होता. एखाद-दुसऱ्या विनोदी प्रसंगापुरती नाही, सिनेमाभर. आणि हा खेळ दुसऱ्याच्या पैशावरचा नव्हता. ‘सिटिझन्स फिल्म्स’ ही निर्मिती संस्था खुद्द दिलीपकुमारांची होती.

पेशावरच्या पठाण घरात जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा माणूस गंगाकाठच्या शेतकऱ्याची बोली शिकला कुठं? उत्तर नाशिककरांनी मिरवावं असं आहे. देवळाली कॅम्पातल्या बंगल्याच्या बागेत. तिथल्या उत्तरेकडच्या माळ्याचं बोलणं आपण लहानपणी ऐकलं आणि तेच पुढं गंगाच्या भूमिकेच्या कामी आलं, असं दिलीपकुमारांनी सांगून ठेवलं आहे.

११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारामागच्या मोहल्ल्यात युसूफ खान जन्मला. वडील लाला गुलाम सरवर खान फळांचे व्यापारी, आई आयेशा बेगम, आणि भावंडं मिळून घरात बारा मुलं. घरची भाषा हिंदको, आजूबाजूला पश्तो. तिसाच्या दशकात व्यापाराच्या निमित्तानं हे कुटुंब मुंबईला आलं आणि क्रॉफर्ड मार्केटजवळ नागदेवी स्ट्रीटवरच्या अब्दुल्ला बिल्डिंगमध्ये राहू लागलं. घरातल्या आजारपणामुळे डॉक्टरांनी कोरड्या हवेचं ठिकाण सुचवलं आणि खानांचं बिऱ्हाड देवळालीला हललं. वडिलांचा धंदा मुंबईत, मुलंबाळं देवळालीत. आगगाडी होती म्हणून हा संसार चालला.

त्या काळची देवळाली म्हणजे एका गावात चार गावं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली छावणी, तिच्या सरळ रेषेत आखलेल्या बराकी, पारशी आणि गुजराती मंडळींची आरोग्यधामं, आणि वेशीला लागून सावरकरांचं भगूर. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथं महिनोन् महिने काढायचे. काम नाही, उकाडा मात्र भरपूर. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ झाला असं म्हणू लागले. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप! विलायतेत आजही चक्रम माणसाला डूलाली म्हणतात. देवळालीनं इंग्रजीला शब्द दिला, आणि इंग्रजीनं देवळालीला बार्न्स स्कूल.

मुंबईच्या भायखळ्यातून हलवलेली ही शाळा १९२५ साली देवळालीत उघडली. युसूफचं नाव तिथं घातलं गेलं. घरी हिंदको, शाळेत इंग्रजी, बाजारात मराठी आणि बागेत माळ्याची पूरबी अशी त्याची सकाळ ते संध्याकाळ. पोर बुजरं होतं, बोलण्यापेक्षा ऐकणारं. नटाची चर्चा निघाली की आपण डोळ्यांबद्दल बोलतो, चेहऱ्याबद्दल बोलतो. हा नट मात्र आधी कानांनी घडला, असं मला वाटतं, आणि त्या कानांना वळण लागलं ते देवळालीत.

पुढचं शिक्षण मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम हायस्कुलात आणि मग खालसा कॉलेजात झालं. जीव मात्र फुटबॉलमध्ये. तोवर महायुद्ध सुरू झालं, उत्तरेकडून येणारा फळांचा माल अडू लागला आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. वडिलांशी खटका उडाला तसा युसूफ घर सोडून पुण्याला गेला. तिथं बार्न्समधलं इंग्रजी उपयोगी पडलं. लष्कराच्या कँटीनमध्ये काम मिळालं, मग त्यानं तिथंच सँडविचचा स्टॉल टाकला. गोरे गिऱ्हाईक खूश होते, पण स्वातंत्र्याची लढाई न्याय्य आहे असं एका भाषणात बोलून गेल्यामुळे येरवड्याच्या तुरुंगात एक रात्र काढावी लागली. पाच हजार रुपये गाठीला बांधून तो घरी परतला. सिनेमा अजून त्याच्या ध्यानीमनीही नव्हता.

सिनेमा त्याच्या वाटेत आला तो चर्चगेट स्टेशनवर. नोकरीच्या खटपटीत दादरला निघालेल्या युसूफला ओळखीचे डॉ. मसानी भेटले आणि आपल्याबरोबर मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये घेऊन गेले. तिथल्या प्रमुख देविकाराणींनी त्याला विचारलं, उर्दू येते का? म्हणजे इथंही पहिली चौकशी भाषेचीच! पगार ठरला साडेबाराशे. हा आकडा महिन्याचा की वर्षाचा, हे युसूफला आणि घरच्यांना उमजेना. शेवटी डॉ. मसानींकडून खात्री करून घेतली, तेव्हा तो महिन्याचाच निघाला. दिलीपकुमार हे नवं नावही देविकाराणींनीच दिलं. ते सोयीचंही होतं, कारण नाटक-सिनेमा म्हणजे नौटंकी असं वडिलांचं मत होतं. पृथ्वीराज कपूरांचे वडील बशेश्वरनाथ त्यांचे पेशावरचे स्नेही. तुमचा मुलगा हे काय धंदे करतो, म्हणून खानसाहेब त्यांची थट्टा करायचे. ‘जुगनू’ आला, तेव्हा बशेश्वरनाथांनी त्यांना रस्त्यावरचं मोठं पोस्टर दाखवलं. फळवाल्या खानांचा मुलगा वर रंगवलेला होता. मग घरात बरेच दिवस अबोला.

१९४४ चा पहिला सिनेमा ‘ज्वार भाटा’ पडला. ‘फिल्मइंडिया’ मासिकाच्या बाबूराव पटेलांनी नव्या नटाची लक्तरं काढली. पण ‘मिलन’, ‘जुगनू’, ‘शहीद’, ‘मेला’ करत १९४९ च्या ‘अंदाज’पर्यंत गाडी रुळावर आली. वेगळेपण कशात होतं? तोवर पडद्यावरचे बरेच नट रंगभूमीच्या सवयीनं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलत. दिलीपकुमार समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलत. मायक्रोफोन आहे तर ओरडायचं कशाला? वाक्याच्या मध्येच थांबणं, शब्द अर्ध्यावर गिळणं, समोरच्याचं ऐकून मग बोलणं, हे सगळं ऐकणाऱ्या माणसाचं काम आहे. ‘मुग़ल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज कपूर गडगडतात आणि दिलीपकुमारांचा सलीम आवाज खाली आणतो, तरी प्रेक्षक सलीमकडे कान लावतो.

‘दाग’साठी त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि उत्कृष्ट अभिनेत्याचे असे एकूण आठ मिळाले. शोकांतिकांमागून शोकांतिका करता करता मन खचू लागलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं त्यांनी ‘आझाद’सारख्या हलक्याफुलक्या भूमिका घेतल्या. ‘कोहिनूर’साठी उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडून सतार शिकले. पडद्यावर बोटं खोटी पडू नयेत, एवढ्यासाठी.

नाशिक जिल्हा तेव्हाही सुटला नव्हता. १९५८ चा ‘मधुमती’ आठवा. बिमल रॉय यांनी नैनीतालकडे केलेलं चित्रण फिल्म खराब झाल्यानं बरंचसं वाया गेलं. पुन्हा तिकडं जाणं परवडेना, म्हणून इगतपुरीजवळ वैतरणेच्या परिसरात सेट लागला. नैनीतालशी मेळ बसावा म्हणून कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय यांनी तिथं खोटे पाइन उभे केले. देवळालीहून मुंबईकडे निघालं की लहवीत, अस्वली, पाडळी, घोटी आणि मग इगतपुरी. युसूफनं पोरवयात गाडीच्या खिडकीतून पाहिलेल्याच मुलखात दिलीपकुमार हिमालयातली गोष्ट करत होते.

आता ‘गंगा जमना’कडे परत येऊ. दिग्दर्शक म्हणून नाव नितीन बोस यांचं, संवाद वजाहत मिर्झांचे, संगीत नौशादांचं. नायिका वैजयंतीमाला मद्रासच्या, त्यांना ही बोली पूर्ण परकी. मग दिलीपकुमारांनी त्यांच्यासाठी संवाद टेपवर बोलून दिले, आणि त्या ऐकून ऐकून शिकल्या. जिथं हिंदीच उसनी तिथं पूरबी धन्नो उभी करून त्यांनी फिल्मफेअर पटकावलं. माळ्याकडून ऐकलेली बोली आता दुसऱ्या कानात गेली होती.

शेवटच्या दृश्यात गोळी लागलेला गंगा घरी येऊन कोसळतो. त्या शॉटआधी दिलीपकुमार स्टुडिओभोवती धावत राहिले, पार दम लागेपर्यंत, आणि तसेच धापा टाकत कॅमेऱ्यासमोर येऊन पडले. छाती खरी भात्यासारखी हलते आहे, शब्द खरेच तुटत आहेत. मरणाचा अभिनय करायचा नव्हता, श्वास तेवढा खरा हवा होता. सेन्सॉरनं मात्र सिनेमाला बरंच छळलं, गाऱ्हाणं थेट नेहरूंपर्यंत न्यावं लागलं. सुटका झाली आणि सिनेमा धो धो चालला.

त्यानंतरचं सर्वांना ठाऊक आहे. १९६६ मध्ये सायराबानूंशी लग्न, ‘राम और श्याम’, तपन सिन्हांचा बंगाली ‘सगिना महातो’ (पुन्हा नवी भाषा!), मग काही वर्षं विश्रांती आणि ‘क्रांती’, ‘शक्ती’, ‘मशाल’, ‘सौदागर’ची दुसरी खेळी. १९८० मध्ये मुंबईचं शेरीफपद, १९९१ मध्ये पद्मभूषण, पुढं दादासाहेब फाळके पुरस्कार. हे फाळकेही नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचेच. पाकिस्तानचा निशान-ए-इम्तियाज, राज्यसभा, पद्मविभूषण. ७ जुलै २०२१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि शासकीय इतमामानं जुहूच्या कब्रस्तानात दफन झालं. आई-वडील मात्र देवळालीतच विसावले आहेत.

‘गंगा जमना’च्या श्रेयनामावलीत पुष्कळ नावं आहेत. देवळालीच्या माळ्याचं नाही. त्याला आपण कुणाला काही शिकवतो आहोत, याचा पत्ताही नसणार. तो झाडांना पाणी घालत आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलत होता, एवढंच.

आज देवळालीच्या लॅम रोडनं चाललं तरी तीच बोली कानावर येते. बंगल्याला रंग देणारे, फरशी बसवणारे, पाणीपुरीची गाडी लावणारे आपापसात बोलत असतात. आपण भाव विचारतो, पैसे देतो आणि पुढं निघतो. बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून ते बोलणं ऐकत बसावं, असं आपल्या पोरांना कधी वाटतं का, आणि वाटलंच तर आपण त्यांना तसं उभं राहू देतो का?