ठरल्या वेळेचा फोन

पतीच्या निधनानंतर वाट्याला आलेल्या एकाकीपणाविषयी ब्रिटनमधील दूरचित्रवाणी निवेदिका एस्थर रँटझन यांनी २०११ मध्ये वृत्तपत्रातून मोकळेपणाने लिहिले. त्यातूनच २०१३ मध्ये ज्येष्ठांसाठी ‘सिल्व्हर लाइन’ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा उभी राहिली.

तेथील स्वयंसेवकाचे काम वरकरणी सोपे: आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, एकाच ज्येष्ठाला फोन. नाते मैत्रीचे, सल्लागाराचे नव्हे. हवामान, बाग, जुनी नोकरी, जो विषय निघेल तो ऐकायचा. अवघड आहे ते वेळ पाळणे. ज्याचे दार आठवडाभर कोणी वाजवलेले नाही, तो त्या दिवशी केव्हाचा फोनजवळ येऊन बसलेला असतो. मुले परदेशी असलेल्या आपल्याकडील आई-वडिलांना दहा मिनिटांचा उशीर किती लांबतो, हे वेगळे सांगायला नको.