तरंगांचा गुणाकार आणि कलेचा हिशेब

पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगावाजवळ, खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या परिश्रमांतून जी विशाल रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या असूनही त्यांनी एकाच नेत्राप्रमाणे आकाशाकडे पाहावे, अशी तिची मूळ योजना आहे. ही योजना सफल व्हावयाची तर प्रत्येक अँटेनाने टिपलेल्या तरंगाची कला, म्हणजे त्याच्या आवर्तनातील क्षणाक्षणाची स्थिती, इतरांच्या कलेशी विश्वासाने ताडून पाहता आली पाहिजे. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या तरंगात कलेचा एक अंश म्हणजे अंतराने सुमारे ०.६ मिलिमीटर आणि काळाने अवघे दोन पिकोसेकंद. आणि पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लक्ष कोटीवा भाग! म्हणूनच या दुर्बिणीच्या मूळ रचनेत संदर्भ-वारंवारता एका मध्यवर्ती स्थानावरून प्रकाशतंतूंच्या द्वारे पोहोचवून प्रत्येक अँटेनाचा स्थानिक आंदोलक (ऑसिलेटर) तिच्याशी बांधून टाकण्याचा बंदोबस्त केला गेला. पालखीच्या दिंडीतील टाळकरी दूरदूर चालत असूनही एकाच ठेक्याला धरून असतात, तसाच हा प्रकार.

परंतु कोणताही आंदोलक पूर्णपणे निर्दोष नसतो. त्याचे ठोके किंचित अलीकडे-पलीकडे पडत राहतात आणि या सूक्ष्म चंचलतेलाच अभियंते ‘फेज नॉईज’ म्हणतात. तिचा उपद्रव रडारलाही होतो. मांढरदेवीच्या डोंगरावरून पुण्यातील पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेच्या सुमारे तीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारने ढगांचे निरीक्षण केले आहे. अशा रडारला, सेकंदाला एक मीटर वेगाने सरकणाऱ्या थेंबाची चाहूल वारंवारतेतील सुमारे ६० हर्ट्‌झच्या फरकावरून लागते. मूळ वारंवारता मात्र कित्येक अब्ज हर्ट्‌झची. डोंगराच्या कड्यावरून परतणारा प्रबळ प्रतिध्वनी जर स्वतःच्या फेज नॉईजचा पसारा घेऊन आला, तर शेजारचा दुर्बळ थेंब त्या पसाऱ्यात सहज बुडून जातो.

उत्तम क्वार्ट्‌झ स्फटिक पाच, दहा किंवा शंभर मेगाहर्ट्‌झला शांतपणे डोलतात. दहा गिगाहर्ट्‌झला, म्हणजे वरील रडारच्या वारंवारतेजवळ, तसे डोलणे त्यांना शक्य नाही. म्हणून वारंवारता वाढवणाऱ्या गुणकाची तजवीज करावी लागते. डायोड किंवा ट्रान्झिस्टर यांच्यातून शुद्ध तरंग नेला म्हणजे त्याचा आकार विकृत होतो, त्या विकृतीतून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे संनादी तरंग उत्पन्न होतात, आणि त्यांतील हवा तेवढा गाळणीने वेगळा काढता येतो. येथेच खरी मेख आहे. शंभर मेगाहर्ट्‌झच्या आवर्तनास दहा नॅनोसेकंद लागतात, आणि त्यात एका पिकोसेकंदाची चूक म्हणजे ०.०३६ अंश, तीच चूक दहा गिगाहर्ट्‌झला नेली की आवर्तन शंभर पिकोसेकंदांचे उरते आणि चूक ३.६ अंशांची होते. काळातील दोष तसूभरही वाढला नाही, पण कोनातील दोष शंभरपट झाला. डेसिबलांच्या भाषेत ही वाढ चाळीस डेसिबलांची. दर दुपटीला सहा, दर दहापटीला वीस. हा गणिताचा नियम आहे, कोणत्याही कारागिराच्या कौशल्याने तो टळत नाही. कौशल्य लागते ते गुणकाने स्वतःच्या पदरचे त्यात काही मिसळू नये यासाठी. वीजपुरवठ्यातील लहर, तापमानातील फेरबदल, अर्धवाहकातील मंद चंचलता, तरंगाच्या उंचीतील चढउताराचे कलेतील चढउतारात होणारे रूपांतर, या साऱ्यांचा हिशेब गुणकाच्या रचनाकाराला चोख ठेवावा लागतो.

मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दोषवर्धक नियम वरदानच ठरतो, आणि मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. दोन उत्तम आंदोलकांचे तरंग परस्परांपासून नव्वद अंशांनी हटवून, त्यांची तुलना करणाऱ्या मिक्सर या मंडलात सोडले, तर सरासरी निष्पत्ती शून्य येते व कलेची थरथर तेवढी बाहेर पडते. पण ती थरथर मिक्सरच्या स्वतःच्या गोंगाटाहून क्षीण असेल तर तिची साक्ष कोण ऐकणार? म्हणून तुलनेपूर्वीच दोन्ही तरंग गुणकांतून नेले जातात. शंभरपट गुणिले की मूळ दोष चाळीस डेसिबलांनी उंचावतो, मिक्सरचा गोंगाट होता तेथेच राहतो. मग प्रश्न उरतो तो गुणकाच्या विश्वासार्हतेचा. त्याची शहानिशा करण्यासाठी एकाच आंदोलकाचा तरंग दोन समान गुणकांना देतात. आंदोलकाचा दोष दोन्ही बाजूंना सारखा येत असल्याने वजा होतो, आणि उरते ती गुणकांचीच तफावत. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर दोन स्वतंत्र मोजमापमार्ग उभारून त्यांच्यात जे समान असेल तेवढेच राखतात. दहा हजार वेळा सरासरी घेतली की उपकरणांचा परका गोंगाट वीस डेसिबलांनी ओसरतो. धीराने केलेल्या या कामाचे मोल अद्याप आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही, याची मला खंत वाटते.

अलीकडे याच्या उलट दिशेचा मार्गही खुला झाला आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या प्रयोगशाळेत इटर्बियम आयनावर आधारित प्रकाशीय घड्याळाचे काम चालू आहे; त्याच्या प्रकाशाची वारंवारता सुमारे ६४२ लक्ष कोटी हर्ट्‌झची. असा प्रकाश ‘फ्रिक्वेन्सी कोम’च्या, म्हणजे समान अंतरावरील वारंवारतांच्या प्रकाशीय फणीच्या, साहाय्याने भागत भागत दहा गिगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणता येतो, आणि गुणाकारात जो दोष वाढत होता तो भागाकारात, त्याच नियमाने, सुमारे ९६ डेसिबलांनी घटतो. अर्थात भागाकार करणाऱ्या यंत्रणेनेही स्वतःचा गोंगाट त्यात मिसळता कामा नये.